बोल्टचीही मात्रा असते

जुन्नर-आंबेगावात घरची दुरुस्ती घरीच करण्याची सवय जुनी आहे. विहिरीवरची मोटार असो, ट्रॅक्टर असो की नारायणगावला टोमॅटो नेणारी पिकअप, पाना हातात घ्यायला इथला शेतकरी लाजत नाही. अलीकडे लोअर आर्म, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बुश असे सस्पेन्शनचे सुटे भाग घरपोच मिळतात आणि पुष्कळजण ते अंगणातच बसवतात. मीही त्यातलाच एक. म्हणून आधी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मी माझ्या मोटारीचा पुढचा लोअर आर्म बदलला. गाडी जॅकवर, चाक हवेत. पान्याला लोखंडी पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर काढून बोल्ट आवळला. चार-पाच महिन्यांत खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू येऊ लागली. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि विचारले, “डॉक्टर, चाक लटकत असतानाच आवळलंत ना?” नव्या बुशचे रबर फाटले होते आणि बोल्ट ताणून निकामी झाला होता. ‘औषध मनाने वाढवू नका’ असे रोज रुग्णांना बजावणाऱ्या माणसाने बोल्टची मात्रा मनानेच वाढवली होती.

‘जितका घट्ट तितका चांगला’ हा समज इथे मुळातच चुकतो. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे, ती एक ताठ स्प्रिंग आहे. आवळल्यावर तो किंचित लांबतो आणि पुन्हा आखूड होऊ पाहतो. त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. खोडद परिसरातल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आपण येता-जाता पाहतो. त्यांची जाळी ताणलेल्या तारांच्या आधारावर आकार धरून आहे. बोल्टची ताकदही अशीच त्याच्या ताणात असते. ताण कमी पडला, तर प्रत्येक खड्ड्यात भाग सरकतात, बोल्ट सैल होतो किंवा वाकून वाकून थकतो आणि तुटतो. ताण जास्त झाला, तर तो कायमचा लांबतो आणि त्याची ओढ संपते. वरून मात्र दोन्ही बोल्ट ‘घट्ट’च दिसतात.

हा ताण हाताला कळत नाही. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते. जेमतेम दहा टक्के ताणासाठी उरतो. आटे गंजलेले असले, तर पाना जड लागतो, पण ताण कमीच राहतो. आट्यांना तेल लावले, तर त्याच जोरात ताण भलताच वाढतो. म्हणून कंपनीने सांगितल्याशिवाय तेल लावू नये, आटे स्वच्छ करून कोरडे ठेवावेत.

आता हिशेब पाहा. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर 20 किलोचा भार दिला, तर सुमारे 98 न्यूटन-मीटर पीळ बसतो. बऱ्याच छोट्या मोटारींच्या चाकाच्या नटांना साधारण एवढाच लागतो. त्याच पान्यावर 70 किलोचा माणूस उभा राहिला, की पीळ साडेतीनपट होतो. नाडीवर बोट ठेवून रक्तदाबाचा आकडा सांगणाऱ्या डॉक्टरवर आपण विश्वास ठेवणार नाही. मोडलेल्या हाडाला पट्टी बसवतानाही अनेक स्क्रूंसाठी ठरावीक जोराला आपोआप घसरणारा पेचकस वापरतात, कारण हाडातले आटे एकदा गेले की पकड गेली. गाडीसाठी तेच काम टॉर्क रेंच करतो. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा त्यावर लावायचा आणि पहिला ‘टक्’ आवाज आला की थांबायचे. आणखी एक झटका द्यायचा नाही. एकदा वापरलेले नायलॉनचे लॉकनट आणि स्प्लिट पिन पुन्हा वापरायचे नाहीत.

मिस्त्रींच्या प्रश्नाचा अर्थही समजून घेऊ. अशा बुशमधल्या रबराच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म हलेल तसे रबर पिळवटते. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो रात्रंदिवस तसाच राहतो. म्हणून असे बोल्ट आधी नुसते टेकवायचे. मग चाकांखाली भक्कम रॅम्प किंवा रुंद लाकडी ठोकळे ठेवून गाडीचे वजन चाकांवर आणायचे आणि मगच आकड्याप्रमाणे आवळायचे. चाकाचे नटही गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करायचे आणि चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमाने पक्के करायचे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते एकदा तपासायचे.

डॉक्टर म्हणून मला याची काळजी बोल्टपेक्षा माणसासाठी जास्त वाटते. जॅकवर उभ्या गाडीचा घट्ट नट जोर लावून ओढला की गाडी जॅकवरून सरकू शकते. छातीवर वजन आले, तर बरगड्या हलत नाहीत, श्वास घेता येत नाही. हाती काही मिनिटेच असतात. पाय किंवा मांडी बराच वेळ दबून राहिली, तर चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये सुटकेनंतर रक्तात येऊन हृदय व मूत्रपिंडावर आघात करतात. 1941 मध्ये लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांमध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे नोंदवले. म्हणून असा माणूस सुटल्यावर बोलत-चालत असला, तरी 108 ला फोन करून त्याला रुग्णालयात आणा आणि तो किती वेळ दबला होता ते सांगा. त्याआधी, जॅक फक्त उचलण्यासाठी आहे हे लक्षात ठेवा. गाडी पेलायला लोखंडी स्टँडच हवेत. दगड-विटा चालत नाहीत, वीट अचानक फुटते. उरलेल्या चाकांना अडण लावा आणि एकट्याने काम करू नका.

घरी काम करू नका, असे मी म्हणणार नाही. ते कोणी ऐकणारही नाही. पण टॉर्क रेंच प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून आणतो, तसा गावात एक रेंच आणि स्टँडची एक जोडी शेतकरी गटाने किंवा तरुण मंडळाने ठेवावी. आयटीआयने त्याचा एक दिवसाचा वर्ग घ्यावा. सुटे भाग विकणाऱ्यांनी किती न्यूटन-मीटरने आवळायचे, हा आकडा मराठीत खोक्यावर छापावा. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असावी, असा आपला आग्रह असतो. माळशेज घाट उतरताना ज्याच्या भरवशावर घरची माणसे गाडीत बसलेली असतात, त्या बोल्टसाठीही तो असायला हवा.