दरफलकावरचा दर बिलावर बंधनकारक करा : नोंदणीचे नूतनीकरण त्याच्याशी जोडण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय : महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ व त्याखालील नियमांत सुधारणा करून खासगी रुग्णालयांचे जाहीर दर बिलावर बंधनकारक करणे, तसेच रुग्णालये, प्रयोगशाळा व वैद्यकीय मनुष्यबळ यांच्या नोंदणीची खरी पडताळणी सुरू करणे.

महोदय,

आम्ही मिरज, सांगली, जत, कवठे महांकाळ आणि तासगाव परिसरातील नागरिक आहोत. आमच्यात रुग्ण आहेत, त्यांचे नातेवाईक आहेत, आशा सेविका आणि परिचारिका आहेत, आणि ॲडमिट झालेल्या माणसासाठी दवाखान्याच्या काउंटरवर हेलपाटे घालणारे कार्यकर्तेही आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. तेव्हापासून या गावाकडे दूरदूरचे रुग्ण येतात. सांगोला-मंगळवेढ्यापासून ते सीमेपलीकडच्या अथणी-विजापूरपर्यंतची माणसे इथल्या डॉक्टरांवर भरवसा ठेवून एस.टी.त बसतात. हा भरवसा टिकावा, यासाठीच हे निवेदन आहे. डॉक्टरांविरुद्ध आमची तक्रार नाही. नियम केले गेले, पण ते पाळले जातात का हे कोणी पाहत नाही, ही आमची तक्रार आहे.

शासनाने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा केली. रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक १५ बाबींचे दरपत्रक रुग्णालयाने दर्शनी भागात लावावे, तातडीच्या रुग्णाला आगाऊ रकमेसाठी ताटकळत न ठेवता आवश्यक उपचार द्यावेत, बिलासाठी मृतदेह अडवून ठेवू नये, आणि स्थानिक पर्यवेक्षकीय प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष व टोल फ्री क्रमांक चालवावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या नियमांचे आम्ही तेव्हाही स्वागत केले आणि आजही करतो. पण फलकावरचा दर आणि बिलावरचा दर यांत फरक निघाला, तर रुग्णाला पैसे कोणी आणि किती दिवसांत परत द्यायचे, याची कार्यपद्धती नियमांत नाही. त्यामुळे फलक लावला की नियम पाळला, असा सोयीचा अर्थ रूढ झाला आहे.

प्रत्यक्षात काय घडते, ते एका बिलावरून सांगतो. जत तालुक्यातील एका शेतमजुराच्या पत्नीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. दाखल करताना ‘सगळं मिळून’ म्हणून एक रक्कम तोंडी सांगण्यात आली आणि तेवढ्यावर डिपॉझिट भरून घेतले गेले. डिस्चार्जच्या दिवशी हातात आलेल्या बिलात बेड, ऑपरेशन थिएटर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या आकारांखाली ‘आर.एम.ओ. चार्जेस’, ‘नर्सिंग चार्जेस’, ‘मॉनिटर चार्जेस’, ‘बायोमेडिकल वेस्ट’, ‘कन्झ्युमेबल्स’ आणि शेवटी ‘मिसलेनियस’ अशा ओळी होत्या. औषधांचे बिल वेगळे होते. ते रुग्णालयातल्याच मेडिकलचे होते, कारण बाहेरून आणलेली औषधे चालणार नाहीत असे सांगण्यात आले होते. दरफलक भिंतीवर होता, पण तो इंग्रजीत होता, काउंटरच्या आतल्या बाजूला होता, आणि बिलातल्या निम्म्या ओळी त्यावर नव्हत्या. ‘मिसलेनियस’ म्हणजे काय, असे विचारल्यावर ‘सिस्टीममध्ये तसंच येतं’ एवढेच उत्तर मिळाले. त्या कुटुंबाने पावण्याकडून उसनवारी करून बिल भागवले. तक्रार कुठे करायची ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी पुढच्या तपासणीला त्याच डॉक्टरांकडे जायचे असल्याने त्यांनी ती केली नसती.

अशा बिलांमागे प्रत्येक वेळी लबाडी असते, असे आम्ही म्हणत नाही. लहान रुग्णालय चालवण्याचा खर्च वाढला आहे, हे आम्ही जवळून पाहतो. पण ग्राहकाला किंमत आधी कळलीच पाहिजे, हे तत्त्व भाजीपासून पेट्रोलपर्यंत सगळीकडे मान्य आहे. घासाघीस करण्याच्या किंवा दुसरीकडे जाण्याच्या स्थितीत ज्याला राहता येत नाही, त्या रुग्णालाच ते लागू नसावे, हे न्यायाचे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनेही डॉक्टरांना आपली फी फलकावर लावण्यास सांगितले आहे. म्हणजे आमची मागणी वैद्यकीय व्यवसायाने स्वतः मान्य केलेल्या शिस्तीच्या बाहेरची नाही.

दर ठरवणे शक्य नाही, असे वारंवार सांगितले जाते. पण शासनाने ते करून दाखवले आहे. कोविडच्या काळात मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयातील दिवसाचा दर साध्या वॉर्डसाठी ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये ठरवला. २०२१ मध्ये शहरांची वर्गवारी करून साध्या वॉर्डचे दर ४,०००, ३,००० आणि २,४०० रुपये असे वेगवेगळे केले. शासकीय लेखापरीक्षक रुग्णालयांत बसून बिले तपासत होते. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत साध्या स्टेंटसाठी ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये ठरवली. याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील काही खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे व वापरून टाकण्याच्या वस्तूंवरचा नफा काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. आपल्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर शेकडो उपचारांचे पॅकेज दर ठरलेलेच आहेत.

अडचण इच्छाशक्तीची आहे, तशी कायदेशीर पायाचीही आहे, हे आम्ही जाणतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडेतर रुग्णांसाठीच्या दरमर्यादा रद्द केल्या, कारण ज्या कायद्यांच्या आधारे त्या घातल्या होत्या त्यांत तसा अधिकार नव्हता. याचा अर्थ शासनाने हात बांधून बसावे असा होत नाही. जो अधिकार आजच्या कायद्यात नाही, तो विधिमंडळाने द्यावा, असा होतो. मार्च २०२५ मध्ये रुग्णालयांतील औषध दुकानांच्या सक्तीबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय राज्य शासनांनी धोरण आखून हाताळावा, असेच सांगितले. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. पश्चिम बंगाल आणि केरळ यांनी आपापले कायदे केले, कर्नाटकाने आपला कायदा २०१७ मध्ये सुधारला. महाराष्ट्राचा कायदा १९४९ चा आहे आणि तो खाटा असलेल्या रुग्णालयांपुरताच आहे. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळा त्याच्या कक्षेत येत नाहीत.

दर तीन वर्षांनी प्रत्येक रुग्णालयाला नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. शासनाच्या हातात असलेला हा सर्वांत मोठा लगाम आहे, आणि आज तो सैल सोडलेला आहे. नूतनीकरण म्हणजे अर्ज, फी, अग्निशमनचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याच्या कराराची प्रत आणि शिक्का, एवढेच उरले आहे. रुग्णांशी व्यवहार कसा झाला, हा प्रश्न त्या फाइलमध्ये कुठेच येत नाही. तो यावा, ही या निवेदनातील मुख्य मागणी आहे. खालील मागण्या त्याच सूत्राने मांडल्या आहेत.

मागण्या

१. दरफलक बिलावर बंधनकारक करावा. शासनाने एकच नमुना दरपत्रक मराठीत निश्चित करावे आणि त्यात आज बिलात स्वतंत्र दिसणारे सर्व आकार समाविष्ट करावेत. बिल त्याच क्रमाने, बाबनिहाय दिले जावे. जी बाब फलकावर नाही तिचे पैसे घेता येणार नाहीत आणि ‘मिसलेनियस’ असा मोघम आकार लावता येणार नाही, असा स्पष्ट नियम करावा. दरपत्रकाची प्रत प्राधिकाऱ्याकडे आणि सार्वजनिक पोर्टलवर असावी. दरबदल किमान ३० दिवस आधी जाहीर केल्याशिवाय लागू होऊ नये.

२. आधी अंदाजपत्रक, मग उपचार. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचे लेखी अंदाजपत्रक रुग्णाला मराठीत द्यावे. सीमाभागातील रुग्णासाठी ते कन्नडमध्येही समजावून सांगावे. गुंतागुंत झाल्याने खर्च वाढला, तर त्याचे कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सहीनिशी लिहून द्यावे. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी न थांबवता उपचार देण्याचा सध्याचा नियम अपघात विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावणे सक्तीचे करावे.

३. जादा आकारणी परत मिळावी. जाहीर दरापेक्षा अधिक रक्कम घेतल्याचे सिद्ध झाल्यास ती १५ दिवसांत परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकाऱ्याला द्यावा. औषधे व साहित्य रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही, असा फलक प्रत्येक मेडिकलच्या खिडकीवर असावा.

४. दरमर्यादेसाठी कायद्यात तरतूद करावी. १९४९ च्या अधिनियमात दुरुस्ती करून दरांची कक्षा ठरवण्याचा अधिकार शासनास द्यावा. सर्वत्र एकच सपाट दर आम्हाला नको आहे. शहराची वर्गवारी, खाटांची संख्या आणि सुविधा पाहून किमान व कमाल दर ठरावेत. त्यासाठीच्या समितीत डॉक्टरांच्या संघटना, खर्चलेखापाल, परिचारिका आणि रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. प्रयोगशाळा व निदान केंद्रेही याच दुरुस्तीने कक्षेत आणावीत.

५. नूतनीकरणाची फाइल बोलकी करावी. मागील तीन वर्षांतील तक्रारी, त्यांवरील निर्णय, परत केलेल्या रकमा आणि अचानक भेटींचे अहवाल पाहिल्याशिवाय नूतनीकरण होऊ नये. यादृच्छिक पद्धतीने निवडलेली काही बिले दरपत्रकाशी ताडून पाहावीत. वारंवार नियम मोडणाऱ्या रुग्णालयाला मर्यादित मुदतीचे सशर्त नूतनीकरण द्यावे. रुग्णसेवा बंद पडेल असा टोकाचा निर्णय सुनावणीनंतरच व्हावा.

६. हात लावणारा माणूस कोण, हे कळावे. अनेक लहान रुग्णालयांत रात्रपाळीला एकही नोंदणीकृत परिचारिका नसते. पाहून पाहून शिकलेली मुलगी सलाईन लावते आणि इंजेक्शनही देते. त्या मुलींचा दोष नाही. अत्यल्प पगारावर त्यांना जबाबदारीत ढकलले जाते आणि काही बरेवाईट झाले की त्याच एकट्या पडतात. म्हणून प्रत्येक पाळीतील नोंदणीकृत परिचारिकांची नावे व नोंदणी क्रमांक वॉर्डात लावावेत. जी.एन.एम., ए.एन.एम. आणि साहाय्यक यांचे ओळखपत्र वेगवेगळे असावे. बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ लावायचे असतील, तर नोंदणीकृत परिचारिका प्रत्यक्ष कामावर असलीच पाहिजे. काम करत असलेल्या साहाय्यकांना शिकून नोंदणी मिळवता यावी, यासाठी शासनाने जिल्ह्यात सवलतीच्या जागा द्याव्यात.

७. प्रयोगशाळेच्या अहवालावर जबाबदार सही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही अहवालावर आवश्यक ठरवली. ती सही स्कॅन करून कितीही ठिकाणी चिकटवली जाऊ नये, यासाठी एका तज्ज्ञाने किती प्रयोगशाळांची जबाबदारी घ्यावी, यावर मर्यादा घालावी.

८. परिषदेकडील तक्रारींना मुदत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे गुण लागतात. शिक्षणाची अट काटेकोर आहे, तेवढीच तक्रारींबाबतची शिस्तही हवी. आचारसंहितेत तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा असे म्हटले आहे. ती मुदत पाळली जाते का, याचा वार्षिक अहवाल परिषदेने प्रसिद्ध करावा. सुनावणी विभागीय स्तरावरही व्हावी, कारण जतच्या माणसाला मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत.

९. कट प्रॅक्टिसविरोधी कायदा. शासनाने २०१७ मध्ये तयार करून घेतलेला मसुदा पुन्हा हाती घेऊन विधिमंडळात मांडावा. रुग्ण पाठवण्याबद्दल दिला जाणारा कट शेवटी रुग्णाच्याच बिलातून वसूल होतो.

१०. लहान रुग्णालयांना न्याय. नोंदणीची फी खाटांच्या संख्येनुसार टप्प्याटप्प्याने असावी. दहा खाटांच्या ग्रामीण रुग्णालयावर कॉर्पोरेट रुग्णालयाइतका कागदी भार टाकू नये. अग्निशमन, प्रदूषण मंडळ आणि नोंदणी यांसाठी एक खिडकी व एकच मुदत ठेवावी. त्या कामांतून मुक्त झालेला अधिकाऱ्यांचा वेळ बिले आणि तक्रारी तपासण्यासाठी वापरावा. नियमाच्या नावाखाली प्रामाणिक डॉक्टरांना नाडले जाऊ नये, यासाठी तपासणीचा प्रत्येक अहवाल पोर्टलवर टाकावा.

वरील मागण्यांवर आधारित नियमांचा मसुदा तीन महिन्यांत मराठीत प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्यात आणि प्रत्येक महसूल विभागात किमान एक जाहीर सुनावणी घ्यावी. अधिनियमातील दुरुस्ती येत्या अधिवेशनात मांडावी. तोपर्यंत २०२१ च्या नियमांची अंमलबजावणी कशी चालली आहे, याचा जिल्हानिहाय अहवाल मागवून तो जनतेसमोर ठेवावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

आम्ही आमच्या बाजूने जिल्ह्यातील दरफलक, टोल फ्री क्रमांक आणि बिले यांची माहिती गोळा करून प्रशासनास देत राहू. डॉक्टरांच्या संघटनांसोबत संयुक्त बैठकीस बसण्याचीही आमची तयारी आहे. आपण चर्चेसाठी वेळ द्यावा आणि प्रत्येक मागणीवर शासनाची भूमिका लेखी कळवावी, ही नम्र विनंती. लेखी उत्तर न आल्यास हेच निवेदन आम्ही जिल्ह्यातील ग्रामसभांपुढे ठरावासाठी मांडू आणि सर्व आमदारांना भेटून अधिवेशनात प्रश्न विचारण्याची विनंती करू.

आपले नम्र,
मिरज-सांगली परिसरातील रुग्ण, नातेवाईक, आशा सेविका, परिचारिका व कार्यकर्ते
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
२. मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका
३. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सांगली
४. मा. प्रबंधक, महाराष्ट्र वैद्यक परिषद