गोडी आधी की रियाज?

मुलाला गोडी लागली की तो आपण होऊन रियाजाला बसेल, असे आपल्या हैदराबादेतील मराठी घरांत सर्रास म्हटले जाते. हा क्रमच उलटा आहे. गोडी ही रियाजाची अट नव्हे, फळ होय. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे सामान्यांच्या घरी पोहोचावे म्हणून. आपण घरी आणली ती प्रमाणपत्रे. प्रवेशिका उत्तीर्ण झालेल्याचा तंबोरा गणेशोत्सवापुरताच गवसणीबाहेर येतो. नवशिक्याला टाळ्या नकोत. ठरलेली वेळ, रोजची वीस मिनिटे षड्जसाधना आणि शेजारी बसून ऐकणारे वडीलधारे माणूस हवे. ते माणूस होण्याची आपली तयारी नसेल, तर मुलाला बोल लावण्याचा अधिकारही आपल्याला नाही.