टक्केवारीच्या फीवर सही करण्याआधी

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान कंपनीतून परतताना भिलाड रस्त्यावर ट्रकच्या धडकेत गेले. दोन मुलं शाळेत. वहिनींनी मला विचारलं, "काका, वकीलसाहेब म्हणतात आता काहीच देऊ नका, भरपाई आली की वीस टक्के द्या. सही करू?" मी म्हटलं, नको.

नरोली-सिल्वासात नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना हा सौदा सोयीचा वाटतो, कारण आज खिशाला चाट नाही. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटाही घेता येत नाही. तेलंगणातल्या एका प्रकरणात नवऱ्याच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळालेल्या बाईकडून वकिलाने अशाच हिशेबाने दहा लाखांचा चेक घेतला. तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केली! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती केस रद्द केली. त्याआधी, २००० साली, याच न्यायालयाने सांगितलंय की फी थकली तरी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

वकिलाने फी घेऊच नये असं नाही हं. मेहनत असते. रक्कम आधी ठरवा, हप्ते मागा, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च कोणाचा ते लिहून घ्या, पावती घ्या. आणि स्त्रियांना तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तिथे संकोच कसला?

खरी घाई मुदतीची आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघात भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करायचा, असा बदल लागू झाला. त्यावर कोर्टात वाद असला तरी आपण सहा महिनेच धरून चालावं. अपघात इथे झाला असला तरी धुळ्या-जळगावात राहणाऱ्या कुटुंबाला तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड होत असेल तर आकडा दोनदा तपासा, त्या निवाड्यावर अपील नाही. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पगाराच्या स्लिपा आणि ट्रकच्या विम्याची प्रत, एवढं पहिल्या आठवड्यातच गोळा करायला लागा.