चार हजार कोस

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची नि पोहोचण्याची वेळ छापलेली असते. अंतर कोठेच नसते. बैलगाडीच्या काळी नेमके उलट होते. अंतर पोरासोरांनाही पाठ, वेळ मात्र बैलांच्या मर्जीवर!

भंडारा जिल्ह्यातल्या करडीला माझी मावशी राहते. तिचा मुलगा न्यूयॉर्कला नोकरीस. मागे तिने मला विचारले, "बापू, तू शिकला-सवरला. माहा पोरगा किती कोसावर हाये?" मी मराठीचा प्राध्यापक, भूगोलाशी माझे सख्य बेताचेच. तरी हिशेब मांडला. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. कोस दोन मैलांचा धरला तर जवळजवळ ४,००० कोस!

हे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये बरे का. मुलांच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो सरळ पश्चिमेस न जाता उत्तरेकडे चढतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलंड यांच्या अंगाने उतरतो. जवळची वाट तीच. विमान मध्ये न थांबता गेले तर १६ तासांच्या आसपास लागतात. येताना मात्र तास-दोन तास कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा तेव्हा पाठीशी असतो. माहेरची वाट लवकर सरते, हे आपल्या बायकांना आधीपासूनच ठाऊक आहे!

१९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो, जिनिव्हा करीत १० तारखेस पोहोचले. आज त्याहून पुष्कळ दूरचे न्यूयॉर्क १६ तासांत गाठते, हे मी मोठ्या कौतुकाने मावशीला सांगितले. ती म्हणाली, "मंग मी गेली त पोरगा वक्तावर येईल ना?"

मी पुन्हा हिशेबाला बसलो. आधी रजा, मग तिकीट. विमानतळावर तीन तास अगोदर हजर. मुंबईत उतरून नागपूरचे विमान. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणूनच १९४९ पासून काही वर्षे चार दिशांची टपालविमाने मध्यरात्री तेथे भेटत आणि पत्रांची अदलाबदल करून परतत. पण न्यूयॉर्कचे विमान काही तेथे उतरत नाही. मग नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून करडी. सोळा तासांचे पुरे दोन दिवस झाले! गावाकडे मर्तिकाला इतका वेळ थांबत नाहीत.

मावशीला हे सांगावे लागले नाही. माझ्या तोंडाकडे पाहूनच ती म्हणाली, "माह्यासाठी कोनी थांबू नोका. पन त्याले म्हना, जित्तेपनी येऊन जाय."

ज्यांची मुले दूरदेशी आहेत, अशा घरांतून हा हिशेब एकदा कागदावर मांडून मुलांकडे धाडावा. विमानाचे तास कमी होतील. घरापासून घरापर्यंतचे दोन दिवस सहजी कमी व्हावयाचे नाहीत. तेव्हा तिकीट काढावे ते बोलावणे येण्याच्या आधीचे. येताना वाराही पाठीशी असतोच.