दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवायचंय? वाशिमच्या विद्यार्थ्यांनी आधी हे तपासा

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इतिहासाच्या असाइनमेंटसाठी इथल्या विद्यार्थ्याला याहून जवळचा विषय कोणता? पण कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर क्रमिक पुस्तकातल्या दोन-चार पानांपलीकडे काही सापडेलच असं नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती आंतरग्रंथालयीन देवघेव. म्हणजे आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून ठरावीक मुदतीसाठी मागवणं. डेलनेटसारख्या जाळ्याचं सभासदत्व कॉलेजकडे असेल, तर तिथूनही मागणी करता येते. मागणी ग्रंथपालांमार्फतच जाते. पुस्तक यायला वेळ लागतो आणि ते परत करण्याची जबाबदारी कॉलेजवर असते. म्हणून एखादीच मागणी होणार असेल, तर ती कशावर खर्च करायची?

पण आता सगळं ऑनलाइन मिळतं ना?

सगळ्यांना नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. मात्र योजना केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखली गेली. वाशिमसारख्या जिल्ह्यात बरीचशी कॉलेजं शिक्षण संस्थांची आहेत. ज्याला गरज जास्त, तोच दाराबाहेर, असा हा प्रकार. शिवाय योजना नियतकालिकांची आहे, पुस्तकांची नाही.

मग मागवायचं काय?

जे फुकट आणि कायदेशीर मिळतं, ते मागवू नका. वाशिमला 1939 मध्ये सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक शिलालेखांवरच्या 1963 च्या इंग्रजी ग्रंथात मजकूर आणि भाषांतरासह आहे. त्याची स्कॅन प्रत इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येते. विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत असतात. मराठीतले प्रबंधही तिथे आहेत आणि त्यांची संदर्भसूची ही तर आयती खाण.

मागणी ठेवावी ती कॉपीराइटमध्ये असलेल्या पुस्तकांसाठी. उदाहरणार्थ, अजयमित्र शास्त्री यांनी संपादित केलेलं 'द एज ऑफ द वाकाटकाज' (1992) किंवा हान्स बाकर यांचं 'द वाकाटकाज' (1997). दोन्ही इंग्रजीत. दहा पानांच्या असाइनमेंटला दोन्ही लागत नाहीत. शास्त्रींचं पुस्तक वेगवेगळ्या अभ्यासकांच्या लेखांचं आहे, म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यासाठी तेच बरं: आपल्या मुद्द्याचा एखादा लेख निवडून वाचता येतो. तेवढ्या लेखाची झेरॉक्स पाठवाल का, असंही ग्रंथपालांमार्फत विचारता येतं. स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापराची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे.

मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' मराठीत असल्यामुळे सुरुवातीला तेच हाताशी असलेलं चांगलं. ते आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारावं.

शोधताना फक्त 'वाशिम' टाकलं की निम्मं साहित्य निसटतं. इंग्रजांच्या काळात स्पेलिंग 'बासिम' होतं. 1905 मध्ये बासिम जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला तो थेट 1 जुलै 1998 रोजी. मधल्या काळातलं गॅझेटिअर म्हणूनच 'अकोला' नावाखाली सापडतं.