‘खाणे’, ‘ओढणे’, ‘लावणे’ : दंतारोग्याच्या पाहणीतील क्रियापदे

भारतीय भाषांच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात दातांविषयी आणि हिरड्यांविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. प्रस्तुत लेखकालाही दोन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. ग्रामीण महाराष्ट्रात करावयाच्या एका दंतारोग्य-पाहणीची प्रश्नावली त्या वेळी ‘मराठी तपासून द्या’ अशा विनंतीसह माझ्याकडे आली. इंग्रजी मूळ व मराठी भाषांतर शेजारी शेजारी छापलेले होते. मी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, दोनतीन ठिकाणी ओढूनताणून केलेली कर्मणी रचना मोडली, आणि ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ या वाक्यावर निर्दोष अशी खूण करून कागद परत पाठविले. काही आठवड्यांनी पाहणीवर गेलेल्या हायजिनिस्ट तरुणीचे पत्र आले. बायका ‘नाही’ म्हणतात, मी ‘नाही’ लिहिते, आणि मग आरशाने आत पाहते तो दातांच्या मुळाशी काळी पुटे दिसतात; आता मी काय लिहू, असे तिने विचारले होते.

त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. खोटा होता तो प्रश्न, आणि तो मी तपासला होता. ‘सेवन’ हे औषधाचे असते, फार तर जुन्या नाटकातील मद्याचे. तंबाखू ‘खातात’ ते पुरुष. चुना लावून, तळहातावर मळून. विडी ‘ओढतात’. आणि मशेरी? मशेरी ‘लावतात’. तंबाखूची पाने तव्यावर करपेपर्यंत भाजून, कुटून केलेली ती काळी पूड सकाळी बोटाने दातांना लावायची. ज्यांना सवय लागली त्या दिवसातून दोनदा, चारदा लावतात. ती लावणारीच्या मनात या पुडीची जागा तंबाखूच्या चंचीत नसून राखुंडीच्या आणि कोळशाच्या शेजारी आहे. ते दात घासण्याचे साधन आहे. घासण्याच्या साधनाविषयी विचारलेच नाही, तर तिने ते सांगावे कसे? शिवाय त्या वाक्यातील ‘आपण’ हाही एक घोटाळाच. हिंदीतील ‘आप’ला हा शब्द आदरार्थी जोड म्हणून शोभत असला, तरी मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही अर्थ होतो. एका म्हातारीने हायजिनिस्टला हसून उत्तर दिले होते, ‘तुझं मला काय ठावं, बाई?’

हा विनोद म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. भाजलेल्या तंबाखूचा संबंध हिरड्यांच्या विकारांशी आणि तोंडातील कर्करोगपूर्व डागांशी आहे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर होणाऱ्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचणार कशी? तिथवर पोहोचू शकते ती फक्त घरी येऊन विचारणारी व्यक्ती. आणि तिच्या हातात आपण दिलेले वाक्य असते.

दंतवैद्यकाच्या बाहेरील वाचकांसाठी या पाहणीचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे. १९३८ साली क्लाइन, पामर आणि नटसन या अमेरिकन संशोधकांनी एक साधी गोष्ट रूढ केली : प्रत्येक मुलाच्या तोंडातील किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले कायमचे दात मोजून त्यांची बेरीज करावयाची. या निर्देशांकामुळे दोन गावांची, दोन देशांची तुलना शक्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ साली अशा पाहण्यांच्या मूलभूत पद्धतींची पुस्तिका काढली. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. कोणत्या वयाचे लोक तपासावेत (बारा वर्षांची मुले, पस्तीस ते चव्वेचाळीस वर्षांचे प्रौढ इत्यादी), प्रकाश कसा असावा, हे सारे त्यात आहे. हिरड्या तपासण्याच्या सळईच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असतो, आणि साडेतीनपासून साडेपाच मिलिमीटरपर्यंत काळा पट्टा. ती किती हलक्या हाताने टेकवावी याचाही सराव करून घेतात. एकच तोंड दोन तपासनिसांनी, किंवा एकाच तपासनिसाने दोनदा, पाहावयाचे आणि नोंदी कितपत जुळतात ते कोहेन यांनी १९६० साली मांडलेल्या कॅपा गुणकाने मोजावयाचे, हा तर हायजिनिस्टच्या संशोधनपद्धतीच्या पाठाचा पहिला धडा. हाताची एवढी शिस्त मला मनापासून आदरणीय वाटते.

परंतु २०१३ च्या त्याच आवृत्तीत प्रौढांसाठी आणि मुलांसाठी प्रश्नावल्याही जोडलेल्या आहेत. सळईइतकीच प्रश्न हीही एक मोजण्याची वस्तू आहे, हे त्यातून मान्य झाले. सळई मात्र कारखान्यातून मापात होऊन येते, आणि प्रश्न येतो तो भाषांतरकाराच्या टेबलावरून, बहुधा शेवटच्या आठवड्यात. ‘तंबाखूचे सेवन’ हा प्रश्न दोन निरनिराळ्या हायजिनिस्टनी त्याच बाईला विचारला असता, तर दोघींनाही ‘नाही’ हेच उत्तर मिळाले असते. दोघींच्या नोंदी तंतोतंत जुळल्या असत्या, गुणक उत्तम आला असता, आणि दोघीही सारख्याच चुकल्या असत्या. विश्वसनीयता पूर्ण, सप्रमाणता शून्य. पाठ्यपुस्तकात हा फरक दोन ओळींत सांगितलेला असतो. त्याचे मूळ भाषेत असू शकते हे मात्र तेथे क्वचितच सांगतात.

येथे कोणी म्हणेल की, यावर उपाय आहेच. भाषांतराचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून मुळाशी ताडून पाहावे. ब्रिस्लिन यांनी १९७० साली पुरस्कारलेली ही उलट भाषांतराची रीत आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तिच्याविषयीचे माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते सौम्य करण्याचे मला कारण दिसत नाही. ‘तंबाखूचे सेवन’ हे उलटे फिरवा. मुळातील इंग्रजी शब्द जसाच्या तसा हाती येईल. जितके भाषांतर कृत्रिम, जितके ते इंग्रजीची सावली, तितके ते उलट फिरवताना सुरेख जुळते. ‘तुम्ही दातांना काय लावता?’ हे जिवंत वाक्य मात्र या कसोटीत नापास होते. या रीतीने दोन सुशिक्षितांचे एकमत सिद्ध होते. उत्तर देणारीला काय कळले, हा प्रश्न तसाच राहतो.

एका भाषेत हे असे, तर अनेक भाषांत काय होत असेल याची कल्पना या नियतकालिकाच्या वाचकांना सहज येईल. मराठीत तंबाखू ‘खाणे’ म्हणजे ती तोंडात धरणे. बंगालीत ‘तामाक खाओया’ म्हणजे हुक्का ओढणे. बंगाली माणूस सिगारेटही ‘खातो’ आणि पाणीही. तेलुगूत धूर ‘पितात’, तमिळमध्ये धूर ‘धरतात’, हिंदीत विडी ‘पितात’, आणि मराठी खेड्यात पिणारे व ओढणारे दोन्ही भेटतात. मराठीतला ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न शब्दशः बंगालीत नेला, तर धूर काढणारे आणि पान चघळणारे यांची अदलाबदल होते. त्याहून मौज ‘मिश्री’ची. मशेरीलाच महाराष्ट्रात मिश्री असेही म्हणतात. हिंदीत मात्र मिश्री म्हणजे खडीसाखर. दातांच्या किडीसाठी साखरेचे प्रश्न त्याच प्रश्नावलीत असतात. हिंदी भाषक कारकुनाने ‘रोज चार वेळा मिश्री’ ही मराठी नोंद कोणत्या रकान्यात घालावी? ‘दातवण’चे तसेच. हिंदीतील ‘दातुन’ म्हणजे निंबाबाभळीची काडी. मराठीत त्याच कुळातला शब्द कुठे काडीला वापरतात, तर कुठे पूर्वीच्या स्त्रिया दातांना लावीत त्या काळ्या भुकटीला.

हे काम चांगले करता येते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली, डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने, १९६६ पासून घरोघर जाऊन तोंडे तपासली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५०,९१५ ग्रामस्थ होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील पाहणीत १,०१,७६१. संख्या डोळे दिपविणारी आहे, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या संशोधकांनी तंबाखू ही एक वस्तू मानली नाही. प्रत्येक जिल्ह्यातील रीत तिच्या स्थानिक नावाने स्वतंत्र नोंदविली. आंध्रातील श्रीकाकुलम जिल्ह्यात पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढण्याची चाल आहे, तिला तेथे ‘अड्ड पोग’ म्हणतात, आणि ती स्त्रियांत विशेष आहे. या स्त्रियांच्या टाळूवरील विकार नेमके या चालीला जोडता आले, कारण नोंदवहीत ‘धूम्रपान’ असा सरसकट रकाना करून ते थांबले नाहीत. पुढे २००९–१० आणि २०१६–१७ या वर्षांच्या प्रौढांच्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत गुल, गुडाखू, मिश्री ही नावे घेऊन विचारण्यात आले. दुसऱ्या पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ २१.४ टक्के निघाले. नावे घेऊन विचारले नसते तर हा आकडा किती उतरला असता, याचा विचार करून पाहावा.

शब्द ऐकण्याचे मोल या शास्त्राच्या उगमाशीही दिसते. कोलोरॅडोत १९०१ साली गेलेल्या मॅके या तरुण दंतवैद्याला तेथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. लोकांनी त्यांना स्वतःचे नाव दिले होते, वैद्यकाने दिलेले नव्हते. १९२३ साली आयडाहोतील ओकली गावच्या आईबापांनी त्याला सांगितले की, लांबच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आल्यापासून मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. त्याने ते ऐकले, आणि गावाने पाणी बदलले. पाण्यातील फ्लोराइड रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागले ते १९३१ साली. आपल्याकडे नेल्लोर भागातील हाडांच्या फ्लोराइड-विकाराचे वर्णन १९३७ साली प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्रज्ञांच्या आठ वर्षे आधी आईबापांनी ती गोष्ट सांगितली होती.

दुखण्याचे शब्द हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मराठीत दात दुखतो, ठणकतो, सळसळतो, शिवशिवतो. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात. दाढेतून कळ येते. यांतील प्रत्येक क्रियापद निरनिराळ्या स्थितीकडे बोट दाखविते, आणि प्रश्नावलीत यांपैकी एकच, सर्वांत निरुपयोगी, शब्द असतो : ‘अस्वस्थता’. सुश्रुताच्या परंपरेत दंतहर्ष, दंतशर्करा, कृमिदंत असे भेद आहेत. बोलीत ते अजून जिवंत आहेत. ‘दाताला कीड लागली’ यात कृमी आहे, मलयाळम ‘पुळुप्पल्ल’ यातही अळी आहे. अशी अळी नसते हे फोशार यांनी १७२८ सालीच लिहून ठेवले. म्हणून शब्द टाकून ‘दंतक्षय’ विचारावयाचे की काय? उत्तर मिळणार नाही. शब्द चुकीच्या समजुतीतून आलेला असला, तरी त्याने निर्देशिलेले भोक खरे असते.

मोजपट्टीच्या पायऱ्यांचेही तेच. आपल्या दातांची स्थिती उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट की फार वाईट, असे विचारले की ग्रामीण माणूस म्हणतो, ‘बरे आहेत’. हे ‘बरे’ कोणत्या पायरीवर ठेवायचे? त्यात तक्रार आहे, समाधान आहे, दृष्ट लागू नये म्हणून घेतलेली काळजीही आहे. हे ठरविण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ पुरेसा नाही. ‘बरे’ या शब्दावर आयुष्य घालविलेला वाचक लागतो.

आणि तो वाचक या कामाकडे फिरकत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. वैद्यकीय प्रश्नावली आली की आपण शुद्धलेखन तपासतो, मानधन घेतो किंवा घेत नाही, आणि कवितेकडे परततो. बोलीभाषांची सर्वेक्षणे आपण केली, पण त्यांत नामे गोळा केली. कोणते क्रियापद कोणत्या वस्तूला लागते याची नोंद फारशी नाही. दुसरीकडे, १९४८ च्या कायद्याने ज्या हायजिनिस्टला या देशात अधिकृत स्थान दिले, तिला दात घासून देणारी मदतनीस एवढेच समजले जाते. वस्तुतः लोकांच्या तोंडात पाहणारी आणि लोकांच्या तोंडचे ऐकणारी अशी पाहणीतील तीच एक व्यक्ती आहे. काय नीट विचारले गेले नाही हे तिला सर्वांआधी कळते, पण ते लिहावयास तिच्या तक्त्यात रकाना नसतो. तो रकाना असावा. प्रश्नावली छापण्यापूर्वी दहावीस घरी जाऊन ‘मी काय विचारले ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढे विचारण्याची सक्ती असावी, आणि त्या वेळी भाषाविभागातील एक जण तिच्याबरोबर असावा. कागदावर खूण करण्यासाठी नव्हे, ओसरीवर बसण्यासाठी.

आमच्या प्रश्नावलीत आता आधी ‘तुम्ही दातांना काय काय लावता?’ असे मोकळे विचारले जाते, आणि नंतर एकेक नाव घेतले जाते. ‘गेल्या बारा महिन्यांत’च्या जागी ‘गेल्या दिवाळीपासून’ आले आहे. त्या हायजिनिस्टचे आणखी एक पत्र गेल्या महिन्यात आले. ‘तुमचे दात दुखतात का?’ या प्रश्नाला एका बाईने गालावर हात धरून ‘नाही’ म्हटले. बोलता बोलता कळले की दात नाही, दाढ दुखते. मी ‘दात किंवा दाढ’ अशी दुरुस्ती करून कागद परत पाठविला आहे. सुळ्यांचे वेगळे विचारावे लागेल की काय, हे तिच्या पुढच्या पत्रावरून कळेल.