नायिकेचें स्वप्न आणि नृत्यकर्तीचा हक्क

नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायांत ऋषींनीं भरतमुनींस एक मार्मिक प्रश्न विचारला आहे. अर्थ प्रकट करण्यास अभिनय आहेच. मग गीताच्या अर्थाशीं ज्याचा संबंध नाहीं असें नृत्त निर्माण तरी कां केलें? मुनींचें उत्तर असें कीं, नृत्तास अर्थाची अपेक्षाच नसते. तें शोभा आणतें, लोकांस स्वभावतःच प्रिय असतें आणि विवाहादि प्रसंगीं मंगल मानलें जातें. हें उत्तर आम्हांस मान्य आहे. परंतु शोभेच्या नांवाखालीं रंगभूमीवर काय काय खपून जातें, हेंही सुज्ञ वाचक जाणतातच.

न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉडवे हें अमेरिकन संगीत नाटकांचें माहेरघर. तेथें विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत बहुतेक नाटकांची रीत अशी होती कीं, मध्येंच कथानक थांबावें, देखण्या मुलींची एक रांग यावी, तिनें एकसारखे पाय उचलावे आणि निघून जावें. अपवाद होते, १९३६ सालच्या ‘ऑन युअर टोज’ या नाटकांत जॉर्ज बॅलन्शिन यानें नृत्य कथेंत गुंफलें होतें. तथापि ऋषींच्या त्या प्रश्नास निराळें आणि लोकांस पटेल असें उत्तर दिलें तें अ‍ॅग्नेस डी मिल (१९०५–१९९३) या बाईंनीं.

घराणें मोठें बुद्धिमंतांचें. मातामह हेन्री जॉर्ज हे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या अर्थशास्त्रीय ग्रंथाचे कर्ते. वडील विल्यम नाटककार. चुलते सेसिल हे तर चित्रपटांचे विख्यात दिग्दर्शक. कलेंतच वाढलेलें हें कुटुंब. पण मुलीनें नाचावें हें वडिलांस रुचेना! (हा विरोध केवळ आपल्याच घरांत होता असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) धाकट्या बहिणीच्या पावलांत दोष निघाला, त्यावर वैद्यांनीं नृत्याचा व्यायाम सांगितला, आणि त्या निमित्तानें थोरलीचाही शिरकाव झाला. पुढें त्यांनीं विद्यापीठाची पदवी घेतली. बांधा ठेंगणा, बॅलेस प्रतिकूल. यश यावयास वयाचें सदतिसावें वर्ष उजाडलें.

तें यश म्हणजे १९४२ सालचें ‘रोडिओ’ हें नृत्यनाट्य. संगीत एरन कोपलंड याचें, विषय पश्चिमेकडील गुराख्यांचा. करावयाचें होतें तें मात्र रशियन परंपरेंतील बॅले मंडळीनें. जमिनीपासून वर उठण्याचें शिक्षण ज्यांना लहानपणापासून मिळालें, त्या नर्तकांना दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या माणसाप्रमाणें चालावयास बाईंनीं शिकविलें. खेड्यांतील चौकडीचे नाच त्यांत आले, बुटांचे ताल आले. मुख्य भूमिका स्वतः बाईंची. पहिल्या प्रयोगास प्रेक्षकांनीं त्यांना २२ वेळां पडद्यापुढें बोलाविलें.

लगेच रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीनें आपल्या ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाचीं नृत्यें त्यांजकडे सोंपविलीं. ३१ मार्च १९४३ रोजीं तें रंगभूमीवर आलें. नायिका लॉरी, तिचें मन कर्ली या गुराख्यावर, पण मानापायीं ती शेतावरील जड नांवाच्या भयानक गड्याबरोबर मेळ्यास जाण्याचें कबूल करते. येथें तिला स्वप्न पडतें. हॅमरस्टाइन याच्या मनांत सर्कशीसारखें कांहीं गमतीचें स्वप्न होतें. बाईंनीं हरकत घेतली. तरुण मुलीच्या स्वप्नांत भीति असते, वासनाही असते. तीं वगळलीं तर तें स्वप्न कसलें?

मग त्यांनीं रचिलें तें असें. लॉरीचें कर्लीशीं लग्न लागत आहे. तोंडावरचें वस्त्र दूर होतें तों समोर वर म्हणून जड उभा! त्याच्या कोठडींतील भिंतीवरच्या चित्रांतल्या बाजारी बायका जिवंत होऊन नाचूं लागतात. जड कर्लीला ठार मारतो आणि तिला उचलून नेतो. ती दचकून जागी होते, तों खरा जड न्यावयास आलेलाच असतो. आणि ती भीतीनें त्याच्याबरोबर जाते. अंक संपतो. या साऱ्या स्वप्नांत संवाद नाहीं. सुशील घरांतील मुलीस जें आई-मावशीपाशींही बोलतां येत नाहीं, तें नृत्यानें सांगितलें. म्हणजे येथें नृत्य हेंच नाटककाराचें काम करीत होतें. पुढें ‘कॅरोसेल’ (१९४५) व ‘ब्रिगाडून’ (१९४७) यांतही त्यांनीं नृत्याकडून असेंच काम घेतलें.

आतां खरा प्रश्न. ‘ओक्लाहोमा!’चे त्या वेळीं २,२१२ प्रयोग झाले. शब्द लिहिणाऱ्याचा आणि स्वर रचणाऱ्याचा हक्क कायद्यानें रक्षिलेला. नृत्यरचनाकार मात्र बहुधा ठराविक मोबदल्याचा धनी. कारण नृत्य कागदावर उतरत नाहीं, तें नर्तकांच्या अंगीं राहतें. हान्या होल्म या बाईंनीं ‘किस मी, केट’चीं नृत्यें चिन्हलिपींत लिहून १९५२ सालीं नोंदविलीं, तेव्हां कोठें वाट दिसली. डी मिलबाई या हक्कासाठीं अखेरपर्यंत बोलत राहिल्या. १९५९ सालीं स्थापन झालेल्या दिग्दर्शक-नृत्यरचनाकारांच्या संघटनेच्या त्या पुढें अध्यक्षाही झाल्या. अमेरिकेच्या कायद्यांत नृत्यरचनेचा स्पष्ट उल्लेख आला तो १९७६ सालीं, आणि अंमल सुरू झाला १९७८ पासून. एवढ्या संपन्न देशानें या साध्या न्यायास इतकीं वर्षें लावावीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

तरी हक्क मिळाला म्हणजे रचना टिकतेच असें नाहीं. १९९८ सालीं लंडनच्या नॅशनल थिएटरनें तेंच नाटक केलें तें सुझन स्ट्रोमन यांच्या नव्या नृत्यांसह. २०१९ च्या ब्रॉडवेवरील प्रयोगांतही नृत्य नवें होतें. गाणीं मात्र दोन्हीकडे जुनींच. बाईंची मूळ रचना १९५५ च्या चित्रपटांत पाहावयास सांपडते. घरांत कोणीं तो लावलाच, तर स्वप्नाचा भाग येतांच उठून चहा ठेवण्याची घाई करूं नये.